उडती मोटार उडाली, पण खपली का नाही?

१९५६ सालच्या तीन तारखा एकापुढे एक ठेवून पाहाव्यात. २९ जूनला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्ग कायद्यावर सही केली आणि ४१,००० मैलांचे, म्हणजे सुमारे ६६,००० किलोमीटरचे, आंतरराज्य रस्ते बांधायला सरकारी तिजोरी खुली झाली. दुसऱ्याच दिवशी, ३० जूनला, अ‍ॅरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनच्या आकाशात दोन प्रवासी विमाने एकमेकांवर आदळली आणि १२८ माणसे गेली. आणि १३ डिसेंबरला वॉशिंग्टन राज्यातल्या लाँगव्ह्यू गावी राहणाऱ्या मोल्टन टेलर यांच्या ‘एरोकार’ला तिथल्या विमान प्रशासनाने उड्डाणयोग्यतेचा दाखला दिला. रस्त्यावर चालवता येईल आणि आकाशात उडवता येईल अशी ही मोटार कायद्याच्या दोन्ही चौकटींत बसत होती. उडत्या मोटारीबद्दल आपण अजूनही भविष्यकाळात बोलतो. प्रत्यक्षात तिला सरकारी शिक्का मिळूनच सत्तर वर्षे होत आली. एरोकार एकूण सहा बनल्या. सहाच का, याचे कारण बहुतेक जण यंत्रात शोधतात. माझ्या मते ते पहिल्या दोन तारखांमध्ये आहे.

मोटारीला पंख लावण्याची खटपट विमानाइतकीच जुनी म्हणता येईल. राइट बंधूंचे प्रतिस्पर्धी ग्लेन कर्टिस यांनी १९१७ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘ऑटोप्लेन’ मांडले. ते जमिनीवरून जरासे उचलले गेले, पण त्याला खरे उड्डाण म्हणवत नाही. १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये जेम्स रे या वैमानिकाने डोक्यावर पाते फिरणारे पिटकेर्न कंपनीचे ऑटोजायरो वॉशिंग्टन शहराच्या मध्यभागी एका बागेत उतरवले, पाती मागे दुमडली आणि ते रस्त्यावरून चालवत थेट वाणिज्य खात्याच्या दारात नेऊन उभे केले. पुढच्याच वर्षी वाल्डो वॉटरमन यांचे ‘अ‍ॅरोबाइल’ उडाले. त्याचे इंजिन स्टुडबेकर मोटारीचे होते. म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीच ‘हे जमेल का?’ या प्रश्नाचे उत्तर मिळून चुकले होते. जमत होते. तेव्हा खरा अडसर उड्डाणाचा होता असे मानणाऱ्याला या नोंदी आधी खोडून काढाव्या लागतील.

युद्धानंतर अमेरिकेत या कल्पनेला जे भरते आले ते समजण्यासारखे होते. लाखो तरुण सैन्यातून विमानांची सवय लावून घेऊन घरी परतले होते, कारखाने रिकामे पडले होते आणि आता घरोघरी विमान येणार असे धरूनच लोक चालले होते. १९४६ या एका वर्षात त्या देशात जवळपास ३५,००० छोटी विमाने बनली. पण खासगी विमान बाळगणाऱ्याला एक त्रास फार लवकर कळतो. विमान आपल्याला विमानतळावर नेते आणि काम असते गावात. रॉबर्ट एडिसन फुल्टन हे गृहस्थ तरुणपणी लंडनहून टोकियोपर्यंत मोटारसायकलवर गेले होते, वाटेत हिंदुस्थानही पालथा घातला होता. युद्धकाळात विमानातून नेमबाजी शिकवणारे यंत्र विकण्यासाठी ते स्वतःच्या विमानाने देशभर हिंडले आणि दर मुक्कामी एखाद्या माळावरच्या धावपट्टीशेजारी अडकून पडले. त्यातून त्यांचे ‘एअरफिबियन’ जन्मले. त्याला १९५० साली, एरोकारच्याही आधी, दाखला मिळाला. चार्ल्स लिंडबर्गसारख्या नामवंत वैमानिकाने ते स्वतः उडवून पाहिले.

या मंडळींपुढचा पहिला पेच पंखांचा होता. हवेत ज्याच्यावर सगळा भार, तेच जमिनीवर अडगळ. फुल्टन यांनी पंख, शेपूट आणि पुढचा पंखा विमानतळावर काढून ठेवायची सोय केली. कॉनव्हेअर कंपनीत थिओडोर हॉल यांनी आणखी पुढची उडी घेतली. मोटार विकायची दीड हजार डॉलरला आणि पंखांचा सांगाडा विमानतळावर भाड्याने मिळेल असे करायचे! एक लाख साठ हजार गाड्या खपतील असा कंपनीचा अंदाज होता. १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन दिएगोजवळ तिचे इंधन हवेतच संपले आणि ती कोसळली. वैमानिक वाचला. त्याने उडायच्या टाकीऐवजी मोटारीच्या टाकीचा काटा पाहिला होता, असे सांगतात. दोन इंजिने, दोन टाक्या, दोन काटे! अपघाताचे कारण म्हणून ही गोष्ट किरकोळ आहे, पण सगळ्या खटाटोपाचे मर्म तिच्यात सापडते. शिवाय जिथे पंख ठेवले तिथेच परत यावे लागणार असेल, तर अशा गाडीचा पल्ला कागदावर कितीही असो, व्यवहारात तो त्या एका हँगरला बांधलेला राहतो.

टेलर यांनी नेमके हेच ओळखले. १९४६ साली त्यांनी फुल्टन यांचे यंत्र पाहिले आणि ठरवले की पंख मागे सोडायचे नाहीत, बरोबर न्यायचे. एरोकारचे पंख शेपटीसह दुमडून त्याचीच चाकांवरची जोडगाडी होई आणि मोटार ती मागे ओढत नेई. माणूस पाच मिनिटांत मोटारीचे विमान किंवा विमानाची मोटार करू शके. कारागिरी म्हणून हे यंत्र मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणे वाटते. पंखा शेपटीच्या टोकाला आणि इंजिन मोटारीत, म्हणून मधून लांबलचक दांडा न्यावा लागला. असा दांडा फिरताना पिळतो, सुटतो, पुन्हा पिळतो, आणि त्या थरथरीने तुटतो. टेलर यांनी पोलादाच्या बारीक गोळ्या भरलेला एक जोड मध्ये घातला. गोळ्या आपापसांत सरकत धक्का पिऊन टाकत आणि दांडा टिके. एवढे करून एरोकार रस्त्यावर ताशी साठेक मैल जाई आणि हवेत शंभराच्या थोडी वर. पोर्टलंडच्या एका रेडिओ केंद्राने तर रस्त्यांवरच्या गर्दीची खबर द्यायला एक एरोकार वापरली. ही गाडी रस्त्यावरून चालवण्यापेक्षा तिच्यातून रस्ता वरून पाहण्याचाच उपयोग अधिक झाला, हे गमतीचे आहे.

आता वजनाचा हिशेब. घोडे खरे पेंड खाते ते इथे. विमानाचा शत्रू वजन. मोटारीला मात्र ठोकर सोसणारा सांगाडा, खड्डे पचवणारी चाके, गिअरची पेटी, बंपर हे सगळे लागते आणि यातले काहीच हवेत कामाचे नाही. उलट पंख, शेपूट आणि पंखा रस्त्यावर निव्वळ ओझे. दोन माणसांच्या एरोकारला १४३ अश्वशक्तीचे इंजिन लागले. काही वर्षांनी आलेले सेसना १५० हे दोन माणसांचेच साधे विमान १०० अश्वशक्तीत भागवी. शिवाय हा फरक एकदा पैसे देऊन मिटत नाही. दर मैलाला पेट्रोलच्या रूपाने तो पुन्हा चुकवावा लागतो. दिवस जातील तसे हे ओझे हलके होईल, ही अपेक्षाही फसली. अमेरिकेत १९६६ च्या कायद्याने मोटारींच्या सुरक्षेची आणि १९७० च्या कायद्याने त्यांच्या धुराची बंधने कडक झाली. साधी मोटार त्यामुळे अधिक शहाणी झाली आणि जडही झाली. मोटार जितकी चांगली मोटार होत गेली, तितकी ती विमान व्हायला नालायक ठरत गेली.

वजनाइतकाच बोचणारा, पण क्वचितच बोलला जाणारा मुद्दा किरकोळ ओरखड्यांचा आहे. बाजारात गाडी उभी केली, मागच्याने थोडी ठोकली, तर मोटारवाला शिव्या देतो आणि निघून जातो. तीच ठोकर पंखाच्या बिजागरीला किंवा शेपटीच्या जोडणीला बसली असेल तर? परवानाधारक मेकॅनिकने तपासल्याशिवाय ते यंत्र उडवणे म्हणजे जिवाशी खेळ. विमान हँगरमध्ये जपून ठेवतात ते हौसेने नव्हे. उडती मोटार हेच नाजूक यंत्र रोज बाजारातल्या धक्काबुक्कीत नेऊन उभे करते. जोडणीची किंमत काय असते ते १९७३ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात दिसले. तिथे हेन्री स्मोलिन्स्की आणि हॅरोल्ड ब्लेक यांनी फोर्ड पिंटो या मोटारीला सेसना विमानाचे पंख आणि शेपूट जोडले होते. हवेत पंखाचा आधार मोटारीपासून निखळला आणि दोघेही गेले.

यावर नेहमीचा आक्षेप असा की हे सगळे महाग होते म्हणून अडले, लाखांनी गाड्या काढल्या असत्या तर फोर्डच्या मॉडेल टीसारखी हीही स्वस्त झाली असती. हा प्रयोग खरोखर झालेला आहे. अमेरिकेच्या हवाई वाणिज्य खात्याचे प्रमुख यूजीन व्हिडाल यांनी १९३३ साली सातशे डॉलरच्या विमानाची योजना काढली. ते कुणालाही चालवता येईल हे दाखवायला त्यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला बातमीपटात विमान चालवायला बसवले. तो मुलगा म्हणजे पुढचा कादंबरीकार गोर व्हिडाल. सातशे डॉलरचे विमान झाले नाही, पण त्याच विचारातून आलेले ‘एर्कूप’ हे सोपे, सहसा गटांगळी न खाणारे छोटे विमान युद्धानंतर न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानात, कपड्यालत्त्यांच्या छताखाली, विकायला ठेवले गेले. १९४६ मध्ये ती चार हजारांहून अधिक बनली. आणि मग मागणी आटली. १९५० पर्यंत त्या देशातल्या छोट्या विमानांचे वर्षाचे उत्पादन ३५,००० वरून साडेतीन हजारांच्या आसपास घसरले. म्हणजे मोठ्या प्रमाणावर, सोपे, दुकानात मिळणारे विमान लोकांपुढे ठेवून झाले होते. घेणाऱ्यांना कळले ते इतकेच की ढग उतरले, वारा सुटला किंवा अंधार पडला की हे वाहन निघत नाही, आणि ते निघेल तेव्हा आपल्याला जायचेच असेल असे नाही. मोटारीचा मोठेपणा तिच्या वेगात कधीच नव्हता. पावसात, रात्री, अर्धवट झोपेत असलेल्या माणसालाही ती घरी आणते, यात होता.

फुल्टन यांना ज्या अडचणीने पछाडले तिचे दुसरे उत्तर त्याच १९४६ साली एका वेगळ्या माणसाने शोधले. वॉरन एव्हिस हेही युद्धात हवाई दलात होते, त्यांनाही विमानतळावर उतरल्यावर पुढे जायला काही मिळत नसे. त्यांनी मोटारीला पंख लावायच्या भानगडीत न पडता डेट्रॉइटजवळच्या विलो रन विमानतळावर भाड्याच्या मोटारींचे दुकान टाकले. एव्हिस कंपनीची सुरुवात ती. उतरा, सही करा, किल्ली घ्या. मोटार हवेत वाहून नेण्याची गरज नाही, पंख रस्त्यावरून ओढण्याची गरज नाही, कारण ज्या त्या ठिकाणी ते ते वाहन आधीच उभे आहे. उडत्या मोटारीचा इतिहास लिहिणारे शोधकांची यादी देतात आणि या दुकानाला बहुधा वगळतात. मला मात्र तेच तिचे सर्वांत मोठे प्रतिस्पर्धी वाटते. १९६० च्या दशकात एका मोठ्या विमान कंपनीने टेलर यांना सांगितले होते की पाचशे मागण्या आणा, आम्ही कारखाना काढतो. मागण्या आल्या त्याच्या जेमतेम निम्म्या. भाड्याच्या मोटारीची किल्ली गिऱ्हाइकाच्या आड आली, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप सरकारी नियमांचा. शोधकांना नोकरशाहीने मारले, असे मानणारे आजही पुष्कळ आहेत. यात तथ्य अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. १९७० च्या सुमारास फोर्ड कंपनीने एरोकार बनवण्याचा गंभीरपणे विचार केला आणि विमान, रस्ते, प्रदूषण अशा तिन्ही बाजूंच्या नियमांचा व्याप पाहून, वर तेलाच्या टंचाईने घाबरून, तो सोडला. पण फुल्टन आणि टेलर यांना दाखले मिळालेच होते. अलीकडची ‘ट्रान्झिशन’ घ्या. एमआयटीत शिकलेल्या तरुणांच्या टेराफ्यूजिया कंपनीची ही पंख दुमडणारी गाडी २००९ मध्ये प्रथम उडाली. त्या वर्गाच्या विमानांना ६०० किलोची मर्यादा होती. रस्त्यावरची सुरक्षा साधने बसवायला म्हणून तिला आणखी ५० किलोंची सूट मिळाली, रस्ते-सुरक्षा खात्याने काही नियमांतूनही सवलत दिली. तरी ती बाजारात रुजली नाही, कंपनी चिनी मालकाकडे गेली. स्लोव्हाकियाची ‘एअरकार’ २०२१ च्या जूनमध्ये नित्राहून ब्राटिस्लाव्हाला ३५ मिनिटांत उडत गेली आणि दोन-सव्वादोन मिनिटांत पंख मिटून रस्त्याला लागली. २०२२ च्या जानेवारीत तिला त्या देशाचा दाखला मिळाला. नियमांनी गळा आवळलेले यंत्र असे इतक्यांदा दाखले घेऊन बाहेर येत नाही.

आणि नियम मुळात आले कुठून? इथे ग्रँड कॅन्यनकडे परत जावे लागते. ती दोन विमाने ज्या पट्ट्यात होती तिथे आकाश मोकळे होते. म्हणजे वैमानिकाने डोळ्यांनी पाहावे आणि दुसऱ्याला टाळावे, एवढाच नियम होता. स्वच्छंद उडणाऱ्या खासगी वाहनाचे स्वप्न ज्या आकाशावर उभे होते, ते आकाश हेच. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, नवा विमान कायदा झाला आणि विमानांच्या वाटा, उंच्या, परवानग्या एका केंद्रीय यंत्रणेच्या हाती गेल्या. हे अटळच होते. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ती थांबते. आकाशात थांबता येत नाही, म्हणून तिथे गर्दी करायची तर शिस्त रस्त्याहून कितीतरी कडक हवी. आणि तशी शिस्त आली की वाटेल तेव्हा वाटेल तिकडे जाण्याची जी मुभा उडत्या मोटारीच्या जाहिरातीत होती, ती उरत नाही. ग्रँड कॅन्यनच्या अपघाताच्या आदल्या दिवशी सही झालेल्या महामार्ग कायद्याने मात्र जमिनीवरच्या साध्या मोटारीला नेमके तेच दिले: सिग्नल नसलेला, फाटे नसलेला, सरकारने बांधून दिलेला, रात्रंदिवस उघडा मार्ग. मोटारीच्या स्वातंत्र्याची किंमत सगळा समाज रस्त्यांच्या रूपाने मोजत होता. टेलर यांच्या गाडीसाठी आकाशात असा खर्च करायला कुणी तयार नव्हते, आणि केला असता तरी तो रस्ता मोकळा राहिला नसता.

आता म्हणतील की ही झाली पंखांच्या आणि धावपट्टीच्या जमान्यातली गोष्ट. विजेवर चालणारी, सरळ वर उठणारी, संगणकाने चालवली जाणारी वाहने आली की हे सगळे मोडीत निघेल. आक्षेप वजनदार आहे. संगणकामुळे वैमानिकाच्या कौशल्याचा प्रश्न बराच सुटेल, हे मला मान्य आहे. पण जागेवर तरंगायचे तर सतत हवा खाली फेकावी लागते आणि त्याला पंखांवर उडण्याच्या कित्येक पट शक्ती लागते. पेट्रोलच्या एका किलोत सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते. आजच्या चांगल्या बॅटरीच्या किलोत २५०च्या आसपास. विजेची मोटर कितीही कार्यक्षम असली तरी ही दरी भरत नाही. शिवाय पेट्रोल जळते तसे वजन घटते, बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड राहते. शहराच्या मध्यभागी वरून उतरण्याचाही अनुभव जुना आहे. न्यूयॉर्क एअरवेज ही कंपनी १९५३ पासून हेलिकॉप्टरने प्रवासी नेत असे आणि तिने पॅन अ‍ॅम इमारतीच्या ५९ मजल्यांवरचे छप्पर तळ म्हणून वापरले. १९७७ च्या १६ मेला तिथे उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरचा चाकाचा पाय मोडला, ते कलंडले, फिरत्या पात्याने छतावरची चार माणसे मारली, आणि पात्याचा तुकडा खाली रस्त्यावर पडून एक वाटसरू बाई गेली. धातू थकून तडकला, एवढेच कारण. रस्त्यावर चाकाचा पाय मोडणे ही गॅरेजची बाब असते. गर्दीच्या डोक्यावर ती तशी राहत नाही.

मुंबईलाही या स्वप्नाचे आमंत्रण येऊन गेले आहे. २०१८ मध्ये उबरने आपल्या हवाई टॅक्सीसाठी जे पाच देश निवडले त्यात भारत होता. २०२० च्या अखेरीस उबरने तो सगळा विभागच जॉबी या कंपनीला देऊन टाकला. २०१९ मध्ये मुंबई, पुणे आणि शिर्डी यांच्यात प्रवाशांसाठी हेलिकॉप्टर सेवा सुरू झाली होती, पण हेलिकॉप्टरने पोहोचलेल्या माणसालाही पुढे टॅक्सीच करावी लागते. युरोपात या नव्या यंत्रांवर मोठा पैसा लागला होता. त्यांतल्या लिलियम आणि व्होलोकॉप्टर या दोन जर्मन कंपन्या २०२४ संपेपर्यंत दिवाळखोरीत गेल्या.

चीनच्या एक्सपेंग समूहाने त्याच वर्षी झुहाईच्या प्रदर्शनात जे यंत्र लोकांपुढे उडवले, त्याला वृत्तपत्रे उडती मोटारच म्हणतात. त्यातली मोटार म्हणजे सहा चाकांची भलीमोठी गाडी, ती उडत नाही. तिच्या मागच्या पोटात घडी करून ठेवलेले दोन माणसांचे, सहा पंख्यांचे विमान आहे, ते रस्त्यावर चालत नाही. मोकळे मैदान सापडेपर्यंत गाडी चालवायची, मग मागचे दार उघडून विमान बाहेर काढायचे आणि फेरी मारून पुन्हा गाडीजवळ उतरायचे.